तुऱ्याचे वजन

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा ही खानदेशाची ‘दक्षिण काशी’. शिवाच्या गावात गांजाचा उल्लेख कुणाला खटकू नये. तरीही या वनस्पतीचा इतिहास आपण गुन्ह्याचा किंवा व्यसनाचा म्हणूनच वाचतो. तो शेतीचाही इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

प्रकाशाहून तापीच्या उगमाकडे निघाले की बऱ्हाणपूर लागते. इंग्रजी अमलात ते निमाड जिल्ह्यात होते आणि याच जिल्ह्यात, खंडव्याच्या परिसरात, मध्य प्रांताचा परवान्याचा गांजा पिके. १८९३-९४ सालच्या सरकारी आयोगाने देशभर हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको, नियमन हवे, असा निष्कर्ष काढला. त्या अहवालात एका कसबाची नोंद सापडते.

गांजाची नर आणि मादी झाडे वेगळी. मादीच्या तुऱ्यावर पराग पडला की झाडाची शक्ती बी भरण्यात जाते. पराग न मिळाल्यास तुरा नवी फुले काढीत राहतो, दाट होतो, राळेने चिकट होतो. म्हणून पराग सुटण्याआधी नर उपटावे लागत. बंगालात नौगावकडे हे काम ‘पोद्दार’ अथवा ‘पारखदार’ करीत. एकदा उपटून भागत नसे. मादीवरही चुकून नरफुले येतात. १६९४ साली वनस्पतींचे लिंगभेद सिद्ध करणाऱ्या कामेरारियस या जर्मन पंडिताला, नरांपासून दूर ठेवलेल्या मादीला बी धरले, हे कोडे पडले होते. पारखदाराला अशाच गोष्टीपायी शेत पुन्हा पुन्हा पालथे घालावे लागे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पैदासकारांनी अफगाण डोंगरांतील ठेंगण्या, घट्ट तुऱ्यांच्या जाती संकरासाठी वापरल्या. पण घट्टपणा सर्वत्र गुणच ठरतो असे नाही. दमट हवेत असा तुरा आतून कुजतो. उष्ण प्रदेशांतील जुन्या जातींचे विरळ, लांबट तुरे त्या हवेला साजेसेच होते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही गांजाची व्याख्या तुऱ्यावरच बेतली आहे. तुऱ्यापासून सुटी पाने आणि बी हे गांजा नव्हेत. तुऱ्यासोबत असतील तर मात्र हा अपवाद लागू होत नाही. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण. वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि दुष्कर जामीन. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरच्या बाजूला, आजही गांजाची शेते उपटली जातात. तेव्हा उपटलेल्या झाडात तुरा किती, देठ-पाने किती, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही. एखाद्याच्या आयुष्याची दहा वर्षे त्यावर ठरतात.

वसाहतीच्या अबकारी खात्याला हा भेद कळत होता. बंगालात चपटा, गोल आणि चूर यांवर कराचे दर निरनिराळे होते, कारण प्रत्येकातील काडीचे प्रमाण निराळे. ज्या पारखीवर सरकारने तेव्हा महसूल मिळवला, तीच पारख आज पंचनामा करताना तरी हाताशी हवी.