फसफसत्या पेल्याची कुळकथा

ढोकळ्याच्या पिठात अगदी शेवटी इनो घालायचं आणि फेस बसायच्या आत भांडं वाफेवर ठेवायचं, ही सूचना मराठी घरांत आता इतकी रुळली आहे, की ते मुळात पोटाचं औषध आहे हे मुलांना वेगळं सांगावं लागतं. माझ्या आजीकडे इनोची बाटली फडताळात असायची, अमृतांजन आणि टिंक्चरच्या शेजारी. लग्नाकार्याचं जेवण जड झालं की आजोबांसाठी ती खाली निघे. ती फडताळातून ओट्यावर कधी आली ते मला आठवत नाही, पण फडताळापर्यंत कशी पोचली ते सांगता येतं. त्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमध्ये जावं लागेल.

तो काळ पोटाच्या तक्रारींचा होता. गावं सोडून लोक कारखान्यांच्या शहरांत आले होते, आणि तिथलं अन्न भरवशाचं नव्हतं. डॉ. आर्थर हिल हॅसॉल यांनी १८५० च्या दशकात लंडनच्या बाजारातले पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा पावात तुरटी निघाली. पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेली. श्रीमंतांचं दुखणं वेगळं होतं: मांस, मद्य आणि बैठं काम. चार्ल्स डार्विनला ओकाऱ्यांनी इतकं छळलं, की १८४९ मध्ये तो जलोपचारासाठी माल्व्हर्नला जाऊन राहिला. आपण जसं ‘पित्त झालंय’ म्हणून मोकळे होतो, तसेच तिथले लोकही सगळ्या तक्रारींचं खापर पित्तावर फोडत. अशा तक्रारीसाठी वैद्याची फी परवडणारे थोडे. बाकीच्यांसाठी पेटंट औषधं होती.

हे नावच मुळात दिशाभूल करणारं. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि या व्यापाऱ्यांना नेमकी कृतीच लपवायची होती. रिचर्ड स्टॉटनने १७१२ मध्ये आपल्या पोटाच्या अर्कासाठी खरोखर पेटंट घेतलं होतं, त्याच्यासारखे मोजकेच. बाकीच्यांनी फक्त शब्द उचलला. सरकारनेही नकळत त्यांना हातभार लावला. १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होतं, आणि एक शिलिंगपर्यंतच्या डबीला ते दीड पेनी पडे. म्हणून जाहिरातींत सगळीकडे तीच विचित्र किंमत दिसते: एक शिलिंग दीड पेनी. डबीवर सरकारी पट्टी पाहून गरीब गिऱ्हाइकाला वाटे, सरकारने तपासूनच औषध सोडलं आहे. पुढे ‘हा मुद्रांक म्हणजे सरकारची हमी नव्हे’ असं त्या पट्टीवरच छापायची वेळ आली.

या व्यापाराचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे बीचमच्या गोळ्या. टॉमस बीचम लहानपणी मेंढरं राखायचा. पुढे लँकेशरच्या बाजारांत स्वतः वळलेल्या गोळ्या विकू लागला आणि सेंट हेलेन्सला स्थिरावला. डबीची किंमत शिलिंगभर, पण तिचं मोल एका गिनीचं, असं त्याचं घोषवाक्य होतं. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून पुस्तक छापलं, तेव्हा या गोळ्यांत तीन वस्तू सापडल्या: काळाबोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या घटकांचा खर्च अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. हिशेब मांडला तर गिऱ्हाईक मालाच्या १०८ पट पैसे मोजत होतं, आणि नुसता मुद्रांकच औषधाच्या बारापट महाग होता.

काळाबोळ आपल्याकडे बाळंतिणीच्या औषधांत असतो, म्हणून तो मराठी वाचकाला परका नाही. सोकोत्रा बेटावरचा काळाबोळ त्या काळी मुंबईच्या बंदरातूनच विलायतेला जाई. तो रेचक आहे, त्यामुळे बीचमच्या गोळीने पोट खरंच साफ होई. दोन दिवस कोठा अडलेल्या गिरणीकामगाराला हलकं वाटलं, तर त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं होतं ते त्या हलकेपणाच्या आधारे डोकेदुखीपासून निद्रानाशापर्यंत सगळं बरं करण्याचं दिलेलं वचन.

इनोचं कूळ वेगळं. ते गोळीचं नाही, पाण्याचं.

युरोपातले धनिक फार पूर्वीपासून खनिज झऱ्यांचं पाणी पिऊन पोट सुधारायला जात. त्यातलं काही पाणी आपोआप फसफसे. १७६७ मध्ये लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली दारूभट्टीच्या शेजारी राहत होता. आंबवणाच्या पिंपांवर तरंगणारा वायू पाण्यात शिरवला की झऱ्यासारखं चवदार पाणी होतं, हे त्याने दाखवलं आणि १७७२ मध्ये त्याची पद्धत छापून टाकली. पेटंट घेतलं नाही, पैसे मागितले नाहीत. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा माणूस. त्याच्या वाटेने याकोब श्वेप जिनेव्हात सोडावॉटर करू लागला. मग १८१५ मध्ये लंडनच्या टॉमस सेव्हरीने सायड्लिट्झ पावडरचं पेटंट घेतलं. निळ्या कागदात खाण्याचा सोडा आणि रोशेल क्षार, पांढऱ्या कागदात टार्टारिक आम्ल. दोन पुड्या पाण्यात एकत्र केल्या की पेला उसळू लागे. नाव बोहेमियातल्या सेडलेत्स गावच्या झऱ्याचं. मात्र त्या पाण्यातला मुख्य क्षार, मॅग्नेशियम सल्फेट, पुडीत नव्हताच.

जेम्स क्रॉस्ली इनो १८२७ साली न्यूकॅसलला जन्मला आणि तिथेच औषधविक्रेता झाला. बंदराचं गाव. खलाशांचं खाणं म्हणजे खारवलेलं मांस आणि दगडासारखी बिस्किटं. पोटं बिघडलेलीच असत. इनोची भुकटी एकाच बाटलीत मावत होती. आम्ल आणि सोडा कोरडे असले तर शेजारी शेजारी निमूट राहतात, पाण्याचा थेंब लागला की उठतात. म्हणून ती कोरडी ठेवली की झालं. खलाशांनी ती गलबतांवर नेली आणि बंदरोबंदरी तिचं नाव पोचवलं. १८७० च्या दशकात इनो लंडनला आला आणि न्यू क्रॉस भागात त्याचा कारखाना उभा राहिला.

इनोचं खरं कसब नावात होतं: ‘फ्रूट सॉल्ट’, फळांचा क्षार. बाटलीत फळ नव्हतं. पण टार्टारिक आम्ल द्राक्षांच्या दारूच्या पिंपांत साचणाऱ्या खरीतून निघे आणि सायट्रिक लिंबाच्या रसातून, म्हणजे एक बारीकसा धागा खरा होता. त्या धाग्यावर त्याने डोलारा उभा केला. हे रक्त शुद्ध ठेवतं, ताप येऊ देत नाही, हवापालट आणि परदेशगमन यांत संरक्षण देतं, असं त्याच्या जाहिराती सांगत. तापाने माणसं पटापट जात होती त्या काळात हे सांगणं क्षम्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही पेल्यात जे घडतं ते खरं आहे. सोडा आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याने ढेकर येते आणि पोटाचा ताण उतरतो. उरलेला सोडा जठरातलं आम्ल मारतो. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे विल्यम प्राउटने १८२४ मध्येच सिद्ध केलं होतं. टार्टारिक आम्लापासून झालेला क्षार आतड्यात पाणी धरून ठेवतो, म्हणून सौम्य रेचही होतो. जळजळीवर काही मिनिटांत उतार, हे वचन बाटलीने पाळलं. बाकीची सगळी मोडली.

या नावासाठी इनो कोर्टातही लढला. डन नावाच्या व्यापाऱ्याला ‘फ्रूट सॉल्ट बेकिंग पावडर’ हे नाव नोंदवायचं होतं. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८९० मध्ये निकाल इनोच्या बाजूने लागला: लोकांना हा इनोचाच माल वाटेल, म्हणून नाव देता येणार नाही. फ्रूट सॉल्टचा पीठ फुगवण्याशी संबंध जोडायला त्या निकालाने मनाई केली. आपल्याकडच्या बायकांनी तो संबंध स्वतःच शोधून काढला, कारण पेल्यात सुटणारा वायू बेसनात सुटला तरी कामच करतो. रवा इडली आणि ढोकळा यांची जाळी ही प्रीस्टलीच्या पिंपावरच्याच वायूची.

गुपिताचा शेवट मात्र फार उशिरा झाला. ब्रिटिश संसदेच्या समितीने दोन वर्षं साक्षी घेऊन या धंद्यावर कडक अहवाल दिला. तो बाहेर आला ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ज्या दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. अहवाल तसाच पडून राहिला. घटक जाहीर करण्याची सक्ती आणि मुद्रांकाची अखेर, दोन्हीसाठी १९४१ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. तोवर, १९३८ मध्ये, बीचमच्या कंपनीने इनो विकत घेतली होती. याच कंपनीच्या सरे परगण्यातल्या ब्रॉकहॅम पार्क प्रयोगशाळेत १९५७ मध्ये पेनिसिलिनचा गाभा वेगळा केला गेला, आणि त्यातून अँपिसिलिन, पुढे अमॉक्सिसिलिन आलं. तापापासून वाचवण्याचं वचन या घराण्याने अखेर पाळलं, पण वेगळ्या औषधाने.

घरात इनोची पुडी असेल तर तिची मागची बाजू जरूर वाचा. आपल्याकडे ती आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जाते, आणि पाच ग्रॅममध्ये स्वर्जिक्षार २.३२ ग्रॅम, निंबुकाम्ल २.१८ ग्रॅम असं तिच्यावर छापलेलं असतं. म्हणजे सोडा आणि लिंबाचं आम्ल. एका मात्रेत सुमारे ८५० मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं आहे, त्यांनी ती रोज घेऊ नये.