‘डू’ने अडवलेला निरोप

आजचा धागा फार जुन्या काळातला नाही. एप्रिल २००१. कॅलिफोर्नियात डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी सर्व्हरकडून ब्राउझरकडे एक छोटा निरोप धाडला आणि तो पहिल्याच खेपेस अडला. निरोपातील एका नोंदीचे नाव होते ‘डू’, आणि जावास्क्रिप्टमध्ये तो राखीव शब्द! राखीव शब्दांची यादी सांभाळत बसण्यापेक्षा प्रत्येक नावच अवतरणचिन्हांत घालावे, असे ठरले. जेसनमधील नावांभोवतीची दुहेरी चिन्हे ही त्या फसलेल्या निरोपाची खूण होय.

हा निरोप वाचण्यासाठी आधी क्लास, म्हणजे साचा, लिहावा लागत नसे. जेसनची घडण जावास्क्रिप्टमधूनच उचललेली. त्यामुळे ‘इव्हॅल’ या फंक्शनकडे मजकूर सोपवला की तो प्रोग्रॅम म्हणून चाले आणि वस्तू हाती येई. धोका उघड होता. कुणी माहितीऐवजी आज्ञा दडवली, तर तीही इमानेइतबारे चालवली जाई. २००६ च्या आरएफसी ४६२७ मध्ये इव्हॅलपूर्वी मजकूर तपासून घेण्याची युक्ती चक्क छापलेली आहे. घराच्या किल्ल्या परक्याला द्यायच्या, फक्त आधी त्याचे खिसे चाचपायचे, असा तो प्रकार! डिसेंबर २००९ मध्ये ईसीएमएस्क्रिप्टच्या पाचव्या आवृत्तीने ‘जेसन डॉट पार्स’ दिले. ते मजकूर वाचते, चालवत नाही. २०१७ च्या आरएफसी ८२५९ ने तर इव्हॅलचा मार्ग सर्वसाधारणपणे अस्वीकार्य जोखमीचा ठरवला.

सी-शार्पसारख्या भाषांची अडचण वेगळी. तेथे साचा आधी लिहिण्याची रीत. पण परक्या सर्व्हरच्या निरोपाचा आकार आधी ठाऊक असेलच असे नाही. जेम्स न्यूटन-किंग यांच्या ‘जेसन डॉट नेट’ या लायब्ररीतील ‘जेऑब्जेक्ट’ कोणताही निरोप नावे आणि मूल्ये यांच्या झाडासारखा उलगडून ठेवते. २०१० मध्ये सी-शार्प ४ मध्ये ‘डायनॅमिक’ हा शब्द आला आणि त्या झाडातील नोंद साध्या टिंबाने मागता येऊ लागली. माझ्या मते साचा येथे नाहीसा झालाच नाही. तो फाइलमधून निघून प्रोग्रॅमरच्या स्मरणात जाऊन बसला. ‘पत्ता’ऐवजी चुकून ‘पता’ मागितला, तर कंपायलर मूक राहतो, जेऑब्जेक्ट निमूटपणे ‘नल’ परत करते आणि प्रोग्रॅम कोसळतो तो पुढे कुठल्यातरी तिसऱ्याच ओळीवर.