सवय कोणाची?

पोलिसी मराठीतला ‘सराईत’ हा शब्द लक्ष देऊन ऐकावा असा आहे. एरवी सराईत गवंडी किंवा सराईत स्वयंपाकी म्हटले की त्यात कौतुक असते. हात बसलेला, सवयीने तरबेज झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. फिर्यादीच्या आणि पंचनाम्याच्या भाषेत शिरताच तो शब्द काळवंडतो. परंतु अर्थाचा गाभा तोच राहतो : सवय. एकामागून एक स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्या माणसाचा माग काढण्यासाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा सगळा डोलारा या एका शब्दावर उभा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

गुन्हेगाराला सवय असते आणि ती ओळखता येते, ही कल्पना आपल्याकडे वसाहतकाळात दोन वाटांनी रुजली. एक वाट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. सवय रक्तातच असते असे मानून तिने माणसांच्या जमातीच्या जमाती जन्मतःच सराईत ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. ठाण्यातला संशय मात्र गेला नाही. दुसरी वाट कलकत्त्याची. तिथे १८९७ साली बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली. नाव एडवर्ड हेन्री यांचे झाले, पण वर्गीकरणाची किचकट मांडणी मुख्यतः अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या हाताखालच्या भारतीय अंमलदारांची होती. पुढे इंग्लंडमध्ये वेस्ट रायडिंगचे पोलीसप्रमुख अ‍ॅचर्ली यांनी ठशांच्याही पलीकडे जाऊन गुन्ह्याची रीत नोंदवण्याची पद्धत बसवली : गुन्हेगार कोणत्या वेळी आला, कोणता बहाणा केला, काय बोलला. ‘मोडस ऑपरेंडी’ म्हणतात ती हीच.

आपल्या रहस्यकथांनी या इतिहासातल्या कारकुनाला जागा दिली नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयापासून वाचकाला सवय लागली ती एका बुद्धिमान माणसाने गुन्हा उकलण्याची. प्रत्यक्षात रामन राघवचे प्रकरण पाहावे. तो लैंगिक गुन्ह्यांसाठी नव्हे, तर झोपलेल्या माणसांच्या खुनांसाठी कुप्रसिद्ध होता. पण सवयीच्या गुन्हेगाराचा महाराष्ट्रातला ठळक नमुना तोच. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांवर आणि पदपथांवर हल्ले झाले, तेव्हा तो पोलिसांच्या हाती लागला होता आणि पुराव्याअभावी सुटलाही होता. १९६८ साली हल्ले पुन्हा सुरू झाले. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली. जुनी नोंद, जुने छायाचित्र आणि जुने ठसे शिल्लक होते, म्हणून ऑगस्ट १९६८ मध्ये रस्त्यावर दिसलेला माणूस उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांना ओळखता आला.

नोंद असूनही तपास आंधळा राहू शकतो, हे इंग्लंडने यॉर्कशायरमध्ये अनुभवले. तेरा स्त्रियांचा खून करणाऱ्या पीटर सटक्लिफची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी केली आणि नऊही वेळा त्याला जाऊ दिले. कारण त्याच्याबद्दलची माहिती लाखो कार्डांच्या ढिगात विखुरलेली होती. १९८१ सालच्या बायफर्ड अहवालानंतर मोठ्या तपासांसाठी संगणक आला. १९८६ साली लंडनच्या रेल्वे स्थानकांच्या परिसरात बलात्कार आणि खून करणाऱ्याचा शोध चालला होता, तेव्हा सरे विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर यांनी गुन्ह्यांच्या जागा नकाशावर मांडल्या. त्यांचे सूत्र साधे होते. माणूस गुन्ह्यासाठीही ओळखीच्या वाटाच वापरतो. पहिले गुन्हे बहुधा घराच्या जवळपास घडतात. जॉन डफी पोलिसांच्या जवळजवळ दोन हजार संशयितांच्या यादीत दीड हजाराव्या स्थानाच्या आसपास होता. कँटर यांच्या मांडणीमुळे तो वर आला. (रामन राघव आणि डफी, दोघांच्याही कथेत रेल्वेचे रूळ आहेत. हा योगायोग असेल. पण ओळखीच्या वाटेचे सूत्र त्यामुळे मनात पक्के बसते.)

या सगळ्या शास्त्राला एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे पहिल्या गुन्ह्याची नोंद. अमेरिकी अभ्यासक स्टीव्हन एगर यांनी १९८४ साली एका पोलीस ठाण्याचे गुन्हे दुसऱ्याला न दिसण्याच्या प्रकाराला जे नाव दिले, त्याला आपण ‘दुव्यांचे आंधळेपण’ म्हणू. गणपतीपुळ्यासारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. देवळासाठी आणि समुद्रासाठी आलेली माणसे तिथे रोज बदलतात. उद्या एखादीवर तिथे प्रसंग ओढवला, तर ती घाबरून आपल्या गावी, कोल्हापूरला किंवा पुण्याला परतेल. गुन्ह्याची हद्द जयगड ठाण्याची, फिर्यादी घाटावरची, आणि करणारा तिसऱ्याच जिल्ह्यातला. कोणत्याही ठाण्याने आधी फिर्याद लिहून घ्यावी आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवावी, ही तरतूद १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आली आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची २०१८ पासून आहे. तथापि जी तक्रार सांगितलीच गेली नाही, ती कोणत्याच सूचीत नसते.

मुंबईच्या शक्ती मिलचे प्रकरण याच ठिकाणी आठवते. २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर तिथे सामूहिक बलात्कार झाला. तिने फिर्याद दिली, बातमी पसरली आणि सप्टेंबरच्या आरंभी दुसरी एक तरुणी पुढे आली : त्याच ओसाड गिरणीत ३१ जुलैला तिच्यावरही तसाच प्रसंग गुदरला होता, आणि आरोपींत तिघे तेच होते. मधले अंतर तीन आठवड्यांचे. एप्रिल २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तिघांना पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी केलेल्या नव्या ३७६-ई कलमाखाली फाशी दिली. २०२१ साली उच्च न्यायालयाने ती आजन्म कारावासावर आणली. वृत्तपत्रांनी फाशीवर रकाने भरले. त्या तीन आठवड्यांच्या मौनाची कारणे शोधायला फारसे कोणी गेले नाही.

कारणे जुनी आहेत. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. त्यापूर्वी सत्र न्यायालयाने तिच्याबद्दल लिहिले होते की तिला संभोगाची सवय आहे. म्हणजे ज्या शब्दाने गुन्हेगार शोधायचा, तोच शब्द फिर्यादीच्या अंगावर टाकला गेला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. कायदा १९८३ मध्ये बदलला. तरीही दवाखान्यातल्या तपासणीच्या कागदावर ‘सवय’ दोन बोटांच्या चाचणीच्या रूपाने टिकून राहिली. २०१० साली सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर सविस्तर अहवाल सिद्ध केला आणि त्यावरून नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका उभी राहिली. आमच्या मते महाराष्ट्रात या विषयावर झालेले सर्वांत उपयोगी संशोधन हेच. त्यात गुन्हेगाराच्या मनाचा वेध नाही. नमुना कसा घ्यावा, काय लिहावे आणि काय लिहू नये, एवढेच आहे. ती चाचणी करणे म्हणजे गैरवर्तन, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावले.

सेवाग्रामपासून नागपूर दूर नाही. तिथल्या कस्तुरबानगरातल्या बायका अक्कू यादवविषयी वर्षानुवर्षे सांगत होत्या. तो अनेकदा पकडला गेला, अनेकदा सुटला. बलात्काराची तक्रार घेऊन गेले तर ती लिहून घेतली जात नाही, उलट त्याच्या कानावर जाते, असे त्यांचे म्हणणे होते. इथे नकाशाची किंवा ठशांची गरजच नव्हती. नाव, घर, रीत, सारे वस्तीला ठाऊक होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जिल्हा न्यायालयात आणले, तेव्हा शेकडोंच्या जमावाने मिरचीपूड आणि भाजी चिरायच्या सुऱ्या घेऊन त्याला न्यायालयाच्या खोलीतच ठार मारले. काही बायकांना अटक होताच बाकीच्या म्हणाल्या, आम्हां सर्वांनाच धरा. खटला दहा वर्षे चालला. २०१४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले.