बदली पुलीची कुळकथा

जुन्या लेथची पुली तडकली की बहुतेक जण लगेच तिचा बाहेरचा व्यास मोजतात आणि दुकानात जातात. माझ्या मते आधी पुलीचं कूळ विचारावं. ती सपाट पट्ट्याच्या घराण्यातली की व्ही-बेल्टच्या, बिडाची की जस्ताची, हे कळल्याशिवाय नवी पुली धड बसत नाही.

सपाट पट्ट्याचं घराणं थोरलं. अमेरिकेतल्या लोवेल गावी, ॲपल्टन मिलमध्ये, 1828 साली पॉल मूडीने दातेरी चाकांच्या जागी चामड्याचे पट्टे बसवले. पुढे शंभर वर्षं कारखान्याच्या आढ्याला एक लांब शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला पट्टा उतरत असे. यंत्रावर पायऱ्यांची कोन पुली असायची. पट्टा या पायरीवरून त्या पायरीवर सरकवला की वेग बदलला. या पुलीचा माथा मधोमध किंचित फुगीर असतो, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा. फिरता पट्टा नेहमी मोठ्या व्यासाकडे चढतो, म्हणून तो त्या उंचवट्यावर मधोमध टिकतो. नवी पुली अगदी सपाट कातली, तर पट्टा दिवसभर घसरून पडतो आणि दोष मात्र शाफ्टवर जातो.

यंत्रागणिक स्वतंत्र मोटर आली आणि दोन पुल्यांमधलं अंतर कमी पडू लागलं. जवळच्या दोन पुल्यांवर सपाट पट्टा नीट पकड घेत नाही. डेन्व्हरच्या गेट्स कंपनीत जॉन गेट्सने 1917 मध्ये रबर आणि दोऱ्याचा व्ही-बेल्ट तयार केला. ॲलिस-चामर्समधल्या वॉल्टर गाइस्टने 1925 मध्ये अनेक पट्टे शेजारी-शेजारी चालवायची योजना मांडली. ती ‘टेक्सरोप’ नावाने विकली गेली, आणि गाइस्ट पुढे त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला.

व्ही-बेल्ट खाचेच्या तळाला टेकत नाही, तो दोन्ही भिंतींत पाचरीसारखा रुततो. पट्ट्याचा कोन 40 अंशांचा असतो, पण खाच 40 अंशांची कातायची नसते. पुलीवर वाकताना पट्ट्याची आतली बाजू दबून फुगते आणि त्याचा कोन कमी होतो. म्हणून लहान पुलीची खाच 34 अंशांची, तर मोठीची 38 पर्यंत ठेवतात. ‘ए’ मापाचा पट्टा 13 मिलिमीटर रुंद आणि 8 जाड असतो. खाचेचा तळ चकाकू लागला, तर पट्टा किंवा भिंती झिजल्यात आणि पट्टा तळावर घसरतोय असं समजावं.

आता धातूकडे. अमेरिकेतल्या कॅलमझूच्या ॲटलस कंपनीने आपल्या छोट्या लेथच्या अनेक पुल्या आणि गिअर ‘झमॅक’ या जस्ताच्या मिश्रधातूत ओतले. या मिश्रधातूची जात न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 मध्ये आणली. त्याआधीच्या जस्ताच्या ओतकामात शिशाचा अंश राहिला की दमट हवेत ते आतून फुगून तडकायचं. झमॅकसाठी अतिशुद्ध जस्त वापरून हा दोष काढला गेला. तरीही हा धातू बिडापेक्षा मऊ. अडकलेली पुली पुलरने ओढली की तिची कड तुटते. अशा पुलीला आधी तेल मुरू द्यावं, ग्रब स्क्रू पुरता काढावा, मगच जोर लावावा.

बाजारात तयार पुली मिळाली, तरी भोक मिलिमीटरचं असतं आणि जुना शाफ्ट इंचाचा. टेपर लॉक बुशने किंवा भोक पुन्हा बोअर करून हे निभतं. पायऱ्यांची जुनी पुली मात्र ओतूनच घ्यावी लागते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत हे काम होतं. मोडकीच पुली वाळूत दाबून साचा घेतला, की फसगत होते. बीड थंड होताना सुमारे 1 टक्का आकसतं. 200 मिलिमीटरच्या पुलीचं ओतीव 198 होतं, आणि कातताना दोन्ही अंगांनी 3-3 मिलिमीटर गेले की 192 उरतं. वेग बदलतो तो इथे. म्हणून पॅटर्न मोठा करून घ्यावा, आणि बोअर व खाचा एकाच पकडीत काताव्यात, म्हणजे पुली डुलत नाही.

हरिहरला 1941 मध्ये सुरू झालेला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना आता बंद आहे. त्याचे लेथ मात्र आपल्याकडे अजून चालतात, आणि त्यांच्या पुल्या आपल्यालाच करायच्या आहेत. मोडकी पुली भंगारात देऊ नका. नवी चालू होऊन पट्टा सरळ धावेपर्यंत तिचे तुकडे जपून ठेवा, कारण खाचेचा कोन, पायऱ्यांचे व्यास आणि चावीचं माप त्याच तुकड्यांवर आहे.