कालेब

कालेब : हिब्रू बायबलमधील एक प्रमुख व्यक्ती. यफुन्नेचा मुलगा, यहूदा वंशाचा सरदार आणि मोशेने कनान देशाच्या पाहणीसाठी पाठवलेल्या बारा हेरांपैकी एक. त्याची माहिती केवळ धर्मग्रंथांतूनच मिळते. देवाला पूर्णपणे अनुसरणारा असे त्याचे वर्णन गणना, अनुवाद आणि यहोशवा या तिन्ही ग्रंथांत आहे. यहोशवाच्या चौदाव्या अध्यायात तर ते तीनदा येते. इतक्या सातत्याने हा गौरव दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेला नाही. तरीही देव कालेबशी थेट बोलल्याचा एकही प्रसंग या ग्रंथांत नाही. देव बोलतो तो त्याच्याविषयी, मोशेशी. कालेबला ना दृष्टान्त होतो, ना त्याच्या हातून चमत्कार घडतो. मिळालेल्या शब्दावर विसंबून तो चालत राहतो.

मुख्य कथा गणनाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत आहे. मिसरमधून निघालेले इस्राएली पारानच्या रानात पोचल्यावर प्रत्येक वंशातून एक असे हेर पुढे धाडले गेले. चाळीस दिवसांनी ते परतले, तेव्हा अष्कोल खोऱ्यातला द्राक्षांचा घड दोघांनी काठीवर वाहून आणला होता. सोबत डाळिंबे आणि अंजिरे होती. देश सुपीक आहे याबद्दल वाद नव्हता. वाद होता तटबंदीच्या नगरांचा आणि हेब्रोनमधल्या अनाकवंशी धिप्पाड माणसांचा. त्यांच्यापुढे आपण टोळांसारखे दिसत होतो, असे बहुतेक हेरांनी सांगितले आणि छावणीत रडारड सुरू झाली. त्याआधीच कालेबने लोकांना गप्प करून आत्ताच चढाई करावी, असे सांगितले होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याने एकही वस्तुस्थिती नाकारली नाही. दहा जणांनी पाहिले तेच त्यानेही पाहिले होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा वेगळा होता. लोक त्याला आणि त्याची बाजू घेणाऱ्या यहोशवा या दुसऱ्या हेराला धोंडमार करायला निघाले.

याची शिक्षा म्हणून हेरगिरीच्या प्रत्येक दिवसामागे एक वर्ष, अशी चाळीस वर्षे रानात भटकंती आणि वीस वर्षांवरील पिढीचा तिथेच अंत ठरला. अपवाद कालेब व यहोशवा यांचा. इथे मजकुरात एक सांधा दिसतो. सुरुवातीला कालेब एकटाच उभा राहतो आणि अभयही त्याला एकट्यालाच मिळते. यहोशवाचे नाव नंतर जोडीला येते. दोन परंपरा इथे गुंफल्या गेल्या असून कालेबची एकट्याची कथा जुनी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

गणनाच्या चौदाव्या अध्यायाच्या शेवटचा भाग सहसा दुर्लक्षित राहतो, पण निष्ठेचा अर्थ तिथेच सर्वांत स्पष्ट होतो. शिक्षा ऐकून खजील झालेले लोक दुसऱ्या दिवशी शस्त्रे बांधून डोंगरावर निघाले. आदल्या दिवशी कालेब जे करा म्हणत होता, तेच ते आता करत होते. मोशेने मना केले. तरी ते गेले आणि होर्मापर्यंत मार खात मागे हटले. कृती तीच, पण आज्ञा बदललेली होती. म्हणजे कालेबचे श्रेष्ठत्व नुसत्या धाडसात नाही. धाडस दुसऱ्या दिवशीच्या लोकांतही होते.

त्यानंतर कालेब समोर येतो तो गिलगाल येथे, जमीनवाटपाच्या वेळी. हेर म्हणून गेलो तेव्हा चाळीस वर्षांचा होतो, आता पंचाऐंशी वर्षांचा आहे, आणि लढण्याची ताकद तेव्हाइतकीच आहे, असे तो आता नेता झालेल्या यहोशवाला सांगतो. मग मागतो तो सपाटीचा सोपा तुकडा नव्हे, तर अनाकवंशी जिथे राहतात तोच हेब्रोनचा डोंगराळ मुलूख. ज्या भयाने एक पिढी रानात संपली, त्याच भयाच्या मुळाशी त्याला वतन हवे आहे. पुढे त्याने शेशय, अहीमान व तलमय या तिघा अनाकवंशीयांना हाकलले, असे यहोशवाचा पंधरावा अध्याय सांगतो. दबीर ऊर्फ किर्याथ-सेफर जिंकणाऱ्या अथनिएलला त्याने आपली मुलगी अखसा दिली. तिने बापाकडून पाण्याचे झरे मागून घेतले. त्या कोरड्या प्रदेशात ही मागणी तिच्या व्यवहारज्ञानाची साक्ष आहे. निष्ठेचे हे बक्षीस दुसऱ्यांना हुसकावून मिळालेले आहे, ही गोष्ट आजच्या वाचकाला टोचते. ग्रंथकाराला मात्र ती टोचलेली दिसत नाही.

हेब्रोन नेमके कोणी घेतले याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. एके ठिकाणी श्रेय यहोशवाला आहे, दुसरीकडे कालेबला, तर शास्ते ग्रंथाच्या आरंभी यहूदा वंशाला. पुढे हे नगर लेव्यांना आणि भोवतालची शेते व खेडी कालेबला, अशी वाटणीही सांगितली आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा त्याच्या कुळाचा. कालेबला कनिज्जी म्हटले आहे. उत्पत्तीच्या ग्रंथात कनिज्जी ही कनान देशातील एक परकी जमात आहे, आणि कनाज हे नाव एसावच्या, म्हणजे अदोमच्या, वंशावळीत येते. हेब्रोनभोवतीचे मूळचे बाहेरचे कूळ यहूदात सामावले गेले आणि या कथेने त्याच्या जमिनीच्या हक्काला आधार दिला, असे अनेक संशोधकांचे मत आहे. ते मान्य केले तर संपूर्ण निष्ठेचा नमुना म्हणून हिब्रू परंपरेने जन्माने अर्धा परका असलेला माणूस पुढे केला, असे म्हणावे लागते.

हीच कसोटी पुढे राजालाही लावली गेली. राजे ग्रंथाच्या पहिल्या भागात शलमोनावर ठपका ठेवताना तो बाप दावीदाप्रमाणे देवाला पूर्णपणे अनुसरला नाही, असे म्हटले आहे. मंदिर बांधणारा राजा जिथे कमी पडला, तिथे रानातला हेर कसोटीला उतरला होता. मात्र निष्ठा रक्तातून उतरत नाही, हेही ग्रंथकारांना ठाऊक होते. दावीदाच्या माणसांना अन्नपाणी नाकारणारा उद्धट नाबाल कालेबच्याच कुळातला होता. त्याच्या मृत्यूनंतर दावीदाने त्याची विधवा अबीगईल हिच्याशी लग्न केले आणि पुढे हेब्रोनमधून साडेसात वर्षे यहूदावर राज्य केले.

तालमूदमध्ये कालेबविषयी आणखी भर पडली. हेरांच्या कटापासून आपला बचाव व्हावा म्हणून तो एकटाच हेब्रोनला गेला आणि पूर्वजांच्या कबरींपाशी प्रार्थना केली, असे तिथे सांगितले आहे. मिश्ना ग्रंथानुसार त्या पिढीला देशप्रवेश नाकारला गेला तो अव महिन्याच्या नवमीला. यरुशलेममधील दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोकदिनही तोच. कुराणात मोशेच्या लोकांना धीर देणाऱ्या दोन माणसांचा उल्लेख नावांविना आहे. भाष्यकार त्यांना यहोशवा आणि कालेब मानतात.