आउटलुक एक्सप्रेसमध्ये मेल येईनाशी झाली? आधी जुनी मेल वाचवा

विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर अजून काही घरांत, दुकानांत आणि जमातीच्या ऑफिसात चालू आहे. त्यात मेलसाठी बहुतेक वेळा आउटलुक एक्सप्रेसच असतो. आखातातून मुलाने पाठवलेल्या व्हिसाच्या प्रती, ट्रस्टचा पत्रव्यवहार, मरहूम अब्बांची पत्रं, सगळं त्यातच. मग एक दिवस 'सेंड/रिसीव्ह' दाबलं तरी काही येत नाही. घरातला कोणीतरी म्हणतो, प्रोग्रॅम काढून परत टाकू. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू. आमचं म्हणणं असं की यातलं काहीही लगेच करू नका.

कारण समजून घ्या. आउटलुक एक्सप्रेस बहुतेक ठिकाणी पॉप३ पद्धतीने जोडलेला असतो. या पद्धतीत मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरमध्ये उतरते, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केलेली नसेल तर सर्व्हरवरची पुसली जाते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा कागद इंटरनेटवर कुठेही नसेल, फक्त त्या एका हार्डडिस्कवर असेल. फॉरमॅट मारला की तो गेला.

म्हणून पहिलं काम कॉपीचं. प्रोग्रॅममध्ये 'टूल्स', मग 'ऑप्शन्स', मग 'मेंटेनन्स' आणि तिथे 'स्टोअर फोल्डर' दाबा. एक लांबलचक पत्ता दिसेल. तो पूर्ण कॉपी करा, प्रोग्रॅम बंद करा, 'स्टार्ट'मधल्या 'रन'मध्ये पत्ता टाका. फोल्डर उघडेल. (हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून एरवी शोधून सापडत नाही.) आत 'डीबीएक्स' नावाच्या फाइली असतात, मेलच्या प्रत्येक फोल्डरची एक. सगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, जमलं तर दोन पेनड्राइव्हवर. एवढं झालं की पुढे काही बिघडलं तरी हरकत नाही.

आता बिघाड कुठे आहे ते पाहू. मोबाइलच्या ब्राउझरमधून त्याच खात्यात लॉगिन करा. नवी मेल तिथेही नसेल तर दोष प्रोग्रॅमचा नाही. खात्याची जागा भरली आहे का ते बघा, स्पॅममध्ये बघा. पॉप३ने स्पॅममधली मेल खाली उतरत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मेल मोबाइलवर दिसते आणि कॉम्प्युटरवर येत नाही, तर मात्र दोष इकडे.

पडद्यावर एररचा नंबर येतो, तो वहीत लिहून ठेवा. शेवट '०ई'ने होत असेल तर सर्व्हरशी जोडणीच होत नाही: इंटरनेट, पोर्ट किंवा अँटिव्हायरस तपासा. '०डी' म्हणजे सर्व्हरचं नाव चुकलं आहे. '१९' म्हणजे वेळ संपली. यात बरेचदा एखादी जाडजूड अटॅचमेंट अडकलेली असते, आणि तिच्या मागे बाकीची सगळी रांग थांबते. मोबाइलवरून ती एक मेल उघडा, अटॅचमेंट दुसरीकडे उतरवून घ्या आणि मग ती मेल काढून टाका, रांग सुटते. '९२' असेल तर सर्व्हरने पासवर्ड नाकारला आहे.

हा '९२'वाला त्रास जीमेलवाल्यांना जास्त. पासवर्ड बरोबर असतो, तरी नकार येतो, आणि माणूस तोच पासवर्ड वीस वेळा टाकत बसतो. गुगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांवर जुन्या प्रोग्रॅमना नेहमीच्या पासवर्डने आत येणं बंद केलं. त्यासाठी खात्यात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून १६ अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टने तर सप्टेंबर २०२४ मध्ये हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांवर ही जुनी पद्धतच बंद केली, तिथे खटपट करून उपयोग नाही. शिवाय मूळ एक्सपीला टीएलएस १.० पर्यंतचीच सुरक्षित भाषा कळते, आणि ती मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरली. सर्व्हरला ती चालत नसेल तर पोर्ट ९९५ टाका नाहीतर ११०, गाडी पुढे सरकत नाही.

एक कारण मात्र एररशिवायही येतं. आउटलुक एक्सप्रेसची एक डीबीएक्स फाइल २ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. इनबॉक्समध्ये सगळं साठवायची सवय असेल तर ती फाइल फुगते, मग नवी मेल येईनाशी होते किंवा इनबॉक्स अचानक रिकामा दिसतो. घाबरू नका. इनबॉक्स उघडत असेल तर वर्षावार नवी फोल्डरं करून मेल तिकडे हलवा. 'डिलिटेड आयटम्स' रिकामं करा. मग 'फाइल', 'फोल्डर', 'कॉम्पॅक्ट ऑल फोल्डर्स'. हे चालू असताना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, मुलांनाही लावू द्यायचा नाही. मधेच लाइट गेली तर मेल खराब होऊ शकते. म्हणून तर आधी कॉपी घ्यायला सांगितली.

मेल परत सुरू झाली तरी तिथेच राहू नका. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहेत. पासपोर्ट आणि बँकेचे कागद अशा मशिनीवरून पाठवणं आम्हाला पटत नाही.

बाहेर पडायची वाट सोपी आहे, थोडी कंटाळवाणी. डेस्कटॉपवर एक फोल्डर करा. आउटलुक एक्सप्रेसमधल्या मेल थोड्या थोड्या निवडून त्यात ओढा. प्रत्येक मेलची 'ईएमएल' नावाची फाइल तयार होते, अटॅचमेंटसकट. ही फोल्डरं पेनड्राइव्हने नव्या कॉम्प्युटरवर न्या, पण त्याआधी पेनड्राइव्ह अँटिव्हायरसने तपासा. नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा फुकट प्रोग्रॅम टाका आणि त्यात 'इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी' हे जोड-साधन घाला, म्हणजे त्या फाइली एकदम आत घेता येतात. नवं खातं जोडताना पॉप३ नको, आयमॅप निवडा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहते, मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर सारखीच दिसते.

नव्या ठिकाणी दोन-चार जुन्या मेल आणि त्यांच्या अटॅचमेंट उघडून बघा. त्या नीट उघडल्या की मगच जुना कॉम्प्युटर भंगारात द्या, आणि देताना हार्डडिस्क काढून घ्या.