आगमनकाळ, विलाप आणि चर्चचे नेतृत्व : आल्फ्रेड डेल्प यांचे कारागृहातील चिंतन

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा 'आगमनकाळ' हा ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ होय. तो उत्सवाच्या तयारीचा मानला जात असला, तरी मूलतः प्रतीक्षेचा व आत्मपरीक्षणाचा काळ आहे. या काळात वाचल्या जाणाऱ्या यशयाच्या ग्रंथातील व स्तोत्रसंहितेतील काही उताऱ्यांत आर्त विलापही आढळतो. या दोहोंचा चर्चच्या नेतृत्वाशी असलेला संबंध आल्फ्रेड डेल्प (१९०७-१९४५) या जर्मन जेझुइट धर्मगुरूंच्या लेखनातून स्पष्ट होतो.

नाझी राजवटीनंतरच्या समाजरचनेचा विचार करणाऱ्या 'क्रायझाऊ' मंडळात डेल्प सहभागी होते. जुलै १९४४ मध्ये त्यांना अटक झाली. बर्लिनच्या टेगेल कारागृहात, हातांत बेड्या असताना, त्यांनी डिसेंबर १९४४ मध्ये आगमनकाळावरील चिंतने लिहिली. धुण्याच्या कपड्यांतून ती गुप्तपणे बाहेर पोहोचविली गेली.

डेल्प यांच्या मते, मनुष्य मुळापासून हादरल्याखेरीज खरी प्रतीक्षा संभवत नाही. म्हणूनच त्यांचा विलाप राज्यसत्तेविरुद्धच्या तक्रारीपुरता मर्यादित राहत नाही. तो स्वतःच्या चर्चलाही प्रश्न विचारतो. १९३३ च्या करारान्वये जर्मनीतील कॅथलिक चर्चने संस्थात्मक सुरक्षितता साधण्याचा प्रयत्न केला होता. याउलट, पीडित मानवाच्या सेवेकडे परतल्याशिवाय चर्चचा शब्द ऐकला जाणार नाही, असे डेल्प यांनी प्रतिपादिले.

संघत्यागाच्या मोबदल्यात देऊ केलेली सुटका नाकारून ८ डिसेंबर १९४४ रोजी त्यांनी कारागृहातच अंतिम व्रते घेतली. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. धर्मनेतृत्वाचा अधिकार पदातून नव्हे, तर दुःखितांच्या विलापात सहभागी होण्यातून सिद्ध होतो, हेच या चिंतनाचे ऐतिहासिक महत्त्व होय.